आवणी टोळीच्या वहिनी

सुनंदा वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका जळालेल्या पंपाच्या मोटारीतली तार सोडवत बसलो होतो. फोन दादाचा होता, दवाखान्यातून. धाप लागते म्हणून तीन दिवसांपूर्वी त्यांना तिथं नेलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी तर उद्या-परवा सोडतील असंच कळलं होतं. दादा म्हणाला, "राजा, ये तू. सुनंदा गेली." मी "आलो" म्हणालो आणि नंतर कितीतरी वेळ ती जळकी तार नीट गुंडाळत राहिलो. तिचा काही उपयोग नव्हता. मग दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पहिला निरोप नातेवाइकांना नाही, आमच्या गेमच्या टोळीला धाडला. "वहिनी गेल्या." तुषारचं लगेच उत्तर आलं, "कुठं?" मला आधी संताप आला. मग लक्षात आलं की त्याचं काही चुकलं नव्हतं. दर रविवारी दुपारी तीनच्या ठोक्याला हजर असणारी बाई त्याच्या मते जाऊन जाऊन कुठं जाणार, तर माहेरी तळेघरला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. मी लिहिलं, "वारल्या."

आता दीड महिना झाला. दशक्रियेला आलेल्या लोकांनी वहिनींबद्दल खूप चांगलं बोलून घेतलं: मनमिळाऊ होत्या, कष्टाळू होत्या, दुकानात कुणाचा अर्ज अडू देत नसत. सगळं खरं आहे. पण वहिनी जिंकून गेलेल्या बाई होत्या, आणि काय जिंकल्या हे आमच्या पेठ गावातही कुणाला धड ठाऊक नाही. ते सांगायला मी बसलोय. रडगाणं गायला नाही. रडून झालंय माझं.

वहिनी तळेघरकडच्या, भात-नाचणीच्या घरातल्या. एसटी चुकली की चालत निघायचं, हे त्यांना लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. दहावीनंतर त्या मंचरला मामांकडे राहून टायपिंग शिकल्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. लग्न होऊन पेठला आल्यावर दादाने त्यांना रस्त्यालगत टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान टाकून दिलं. शेजारीच माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मधल्या भिंतीला एक खिडकी होती. तिच्यातून चहा, पक्कड, स्टेपलर आणि टोमणे यांची दिवसभर ये-जा चालायची. पुढे वहिनींनी दुकानात तीन कॉम्प्युटर ठेवले. अवसरीच्या इंजिनिअरिंगची पोरं फॉर्म भरायला म्हणून यायची आणि गेम खेळत बसायची. पोरांचं कशाला, मीही त्यातलाच. गिऱ्हाईक नसलं की मी खिडकीतून आवाज द्यायचो, "वहिनी, एक मशीन रिकामं हाय का?"

ज्यांनी असले गेम कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरवर एक अख्खी दुनिया असते. तिथं तुम्ही एक माणूस घेता, कुणी ढालवाला, कुणी वैद्य, कुणी तिरंदाज. देशोदेशीची माणसं त्याच वेळी तिथं हिंडत असतात. कामं करत, लढत तुमचा माणूस मोठा होतो, म्हणजे त्याची लेवल वाढते. मोठ्या लढाया एकट्याने होत नाहीत म्हणून लोक टोळ्या करतात, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत खेळतात, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. मी ढालवाला होतो. सगळ्यात पुढे उभं राहून मार खायचा आणि मागच्यांना वाचवायचं, असं ते काम. मला त्याचा फार गर्व होता. एकदा वहिनी माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "भावजी, ह्यो तुमचा माणूस सारखा मरतो कशापायी?" मी म्हणालो, तसंच असतं ते. "तसं न्हाई. त्यो मागं बघतच न्हाई. तुमी बी बघत न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं खातं उघडलं. टायपिंगची बोटं ती! आमची पोरं एक बटण शोधेपर्यंत यांची चार दाबून व्हायची. वर्षभरात त्या आमच्या टोळीच्या म्होरक्या झाल्या आणि टोळीला त्यांनी नाव दिलं 'आवणी'. आमच्याकडे भाताची रोपं वाफ्यातून उपटून खाचरात लावतात, त्याला आवणी म्हणतात. परदेशी खेळाडू त्याचा उच्चार 'अवनी' करायचे आणि कुण्या मुलीचं नाव समजायचे. वहिनी म्हणायच्या, "म्हनू द्या. पोरगी गुणाची हाय म्हनावं."

टोळीत आम्ही बावीस जण होतो. अवसरीला शिकून पुण्यात नोकरीला लागलेला तुषार, जुन्नरची नर्स संघमित्रा, ओतूरचा एक कांद्याचा व्यापारी, अशी भेळ. बहुतेकांनी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती, पण सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. खुद्द संघमित्राची आईसुद्धा! मी एकदा थट्टेने म्हणालो, "वहिनी, झेरॉक्सपेक्षा तुमचं लक्ष या बावीस जणांतच जास्त." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घरात मी सून. दुकानात आले की लोक 'ओ झेरॉक्स' म्हनून हाक मारत्यात, नाव बी ठाव नसतं त्यांना. हितं बावीस माणसं माझ्या शब्दावर पाऊल उचलत्यात. हे मोडलं तर मला करमायचं न्हाई, भावजी." एवढं सरळ त्या स्वतःबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. मी पक्कड घ्यायला आलो होतो, ती न घेताच परत गेलो.

आणि ते मोडायची वेळ आली. कंपनीने तो गेमच बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी आम्ही बावीसही जण त्या दुनियेतल्या एका पुलावर रांगेने उभे राहिलो, आणि ठरलेल्या वेळी पडदा काळा झाला. हेडफोनमध्ये तुषारच्या हुंदक्याचा आवाज आला. वहिनींनी त्याला पुरतं रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं का रडून? आता दुसरा गेम बघा."

दुसरा गेम मिळाला, आणि त्यासाठी मी माझ्याच दुकानात एक वापरलेला कॉम्प्युटर आणून ठेवला. आम्ही त्याला नुसतं 'नवा' म्हणायचो आणि बंद पडलेल्याला 'जुना'. नव्यात टोळीसाठी एक कडक नियम होता. नाव नोंदवल्यापासून नव्वद दिवसांत एका किल्ल्याची सात दारं पार करायची. सातवं दार उघडताना किमान बारा जण जिवंत हवेत. जमलं तर टोळीचं नाव किल्ल्याच्या भिंतीवर कायमचं कोरलं जाणार. नाही जमलं तर टोळी मोडणार आणि माणसं दुसऱ्या टोळ्यांत वाटली जाणार. आम्ही म्हणालो, हात्तिच्या, नव्वद दिवस? आम्ही जुने खेळाडू, महिन्यात उरकू.

महिन्यात आमची अशी काही शोभा झाली की विचारू नका. तुम्हाला वाटेल अनुभवी माणसं भराभर शिकतील. उलट झालं. जुन्यात आम्ही राजे होतो, इथं हातात काठी घेऊन लेवल एकपासून सुरुवात. शेजारी कालच आलेली शाळकरी पोरं आमच्या पुढे जात होती, कारण त्यांना विसरायचं काहीच नव्हतं. माझंच सांगतो. जुन्यात स्पेसचं बटण दाबलं की ढाल वर यायची. दहा वर्षं माझा अंगठा तेच करत आलेला. नव्यात स्पेस म्हणजे उडी. पहिल्याच लढाईत समोरून रानडुकरांचा कळप आला, टोळी माझ्यामागे दबा धरून बसली, मी मोठ्या ऐटीत स्पेस दाबलं आणि टुणकन उडी मारून थेट डुकरांच्या मधोमध पडलो. सगळी टोळी मेली. एकदा नाही, तीनदा. 'राजाभाऊंची उडी' हा शब्दच रूढ झाला आमच्यात. पण मी काही एकटा नव्हतो. प्रत्येकाने जुन्यातलंच नाव घेतलेलं, जुन्यातलंच काम घेतलेलं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच पालुपद: "जुन्यात असं नव्हतं राव." त्यावरून भांडणं, त्यावरून रुसवे. महिना संपेस्तोवर आठ जण टोळी सोडून गेले. उरलो चौदा. लागणार होते बारा. वहिनींचा चेहरा त्या दिवसांत उतरलेला असायचा. झेरॉक्सला आलेल्या माणसाचं आधार कार्ड त्या दोनदा उलटं छापत.

त्याच सुमारास त्या आवणीसाठी चार दिवस माहेरी गेल्या. परत आल्या त्या नखांत चिखल घेऊन, आणि दुकान उघडायच्या आधी खिडकीशी आल्या. "भावजी, वाफ्यातनं रोप उपटलं की आमी काय करतो ठाव हाय का?" मी म्हणालो, रोपांची मूठ बांधता. "त्याच्या आधी. मुळं पायावर आपटतो. फाट, फाट. वाफ्यातली माती झाडायची. ती तशीच चिकटून ऱ्हायली तर मूठ जड व्हती, रोपं एकमेकांना सोडत न्हाईत, लावायला गेलं की चार चार एकदम येत्यात हातात. तुमी समदे जण जुन्याची माती घेऊन आलाय." मी चेष्टेने विचारलं, "मग रोपाला वाईट नाही वाटत आपटल्यावर?" त्या म्हणाल्या, "वाटत आसंल की. चार दिस पिवळं पडतंय. मंग धरतंय." आणि तशाच जाऊन टाइप करायला बसल्या.

अर्ध्या तासात त्यांनी एक कागद छापला, त्यावर लॅमिनेशन केलं, भिंतीवर लावला आणि त्याचा फोटो टोळीला पाठवला. आयुष्यभर लोकांचे सरकारी अर्ज टाइप केलेली बाई, तेव्हा भाषाही तशीच. "सर्व जुन्या खेळाडूंना कळविण्यात येते की, 'जुन्यात असं नव्हतं' हे वाक्य उच्चारण्यास आजपासून मनाई आहे. जुन्यात जे काम करीत होतात ते काम इथे घेऊ नये, दुसरे घ्यावे. जुने नाव बदलावे, कारण त्या नावाचा मान इथे कोणी ठेवणार नाही व आपणांस राग येईल. बटणे जशी दिली आहेत तशीच शिकावीत, जुन्यासारखी लावून घेऊ नयेत. वाटेत भेटेल त्याचे बोलणे पूर्ण वाचावे, बटण दाबून पुढे ढकलू नये. आपल्यापेक्षा लहान लेवलच्याने काही सांगितल्यास निमूट ऐकावे. काही दिवस पिवळे पडल्यास घाबरू नये." खाली तारीख आणि सही. टोळी पोट धरधरून हसली. पण हसता हसता तुषारने आपलं नाव बदललं. संघमित्रा जुन्यात वैद्य होती. ती म्हणाली, "वहिनी, दिवसभर दवाखान्यात लोकांना वाचवते, हितं तरी मला हाणू द्या की," आणि तिने ढाल मागितली. माझी ढाल! मला वैद्याचं काम मिळालं, सगळ्यात मागे उभं राहून इतरांच्या जखमा भरायचं. मी तीन दिवस मधली खिडकी उघडली नाही. चौथ्या दिवशी वहिनींनी ती टकटक करून उघडायला लावली, चहाचा कप आत सरकवला आणि म्हणाल्या, "पुढं उभं ऱ्हाऊन तुमाला मागचं कदी दिसलंच न्हाई, भावजी. आता मागं ऱ्हावा. समदं दिसंल." मी घुश्श्यातच चहा प्यायलो. पण खरंच दिसलं. कोण घाबरून आधी पळतं, कोण दुसऱ्यासाठी थांबतं, आणि माझ्या दहा वर्षांच्या मर्दुमकीत मागची किती माणसं फुकट मेली असतील, तेही दिसलं. आम्ही पिवळे पडलो आणि मग हळूहळू धरायला लागलो. पहिलं दार उघडलं, दुसरं उघडलं. सत्तर दिवसांत सहा दारं झाली.

मधेच एक गंमत घडली होती, ती सांगायलाच हवी. नव्यातल्या पहिल्या गावात विहिरीवर एक म्हातारी बसलेली असे. गेममधलीच, कुणी खरा माणूस नव्हे. तिच्याशी बोलायला गेलं की ती म्हणे, "माझ्याकडे तुला द्यायला काही नाही." जुने खेळाडू काय करणार? पुढे निघून जाणार. अशा बिनकामाच्या म्हाताऱ्या प्रत्येक गेममध्ये असतात. वहिनी मात्र तिथंच उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा बोलल्या. तेच उत्तर. तिसऱ्यांदा बोलल्या, आणि म्हातारीने भलतंच वाक्य उच्चारलं. आम्ही चाट पडलो. विचारलं, तुम्हाला कसं कळलं? वहिनींना आमच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आता दोनदा न्हाई म्हनली म्हंजी ती लाजती व्हती. आमच्याकडं पावण्याला जेव म्हनलं तर त्यो पयल्यांदा न्हाईच म्हनतो, दुसऱ्यांदा बी न्हाईच म्हनतो. तिसऱ्यांदा इचारायचं असतंय. न्हाई इचारलं तर पावणा उपाशी जातो आन् गावभर सांगतो." म्हातारीचं इंग्रजी वाक्य त्यांनी फोनमध्ये घातलं. फोनने मराठी करून दिलं: 'पहारेकरी पाहुण्याचे वजन करतो.' ओतूरचे व्यापारी म्हणाले, "मग काय काट्यावर उभं ऱ्हायचं का वहिनी?" सगळे हसले. वहिनींनी ते वाक्य टाइप करून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं आणि विषय सोडून दिला.

सातव्या दारावर एक राखणदार होता. त्याच्या एका तडाख्यात आमचा एक माणूस जायचा. दुसऱ्यात दुसरा. आम्ही अंगावर होतं नव्हतं तेवढं चिलखत चढवलं, जाडजूड, तीन महिने घाम गाळून मिळवलेलं, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा लवकर मेलो. असे दोन रविवार गेले. नव्वदावा दिवस उजाडला, तोही रविवारच. मुदत संध्याकाळी पाचची. चार वाजून गेले होते, आणखी एकदा मेलो होतो, आणि कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या वहिनी, नशिबात नव्हतं." वहिनी एकदम म्हणाल्या, "थांबा. तुषार शेवटपत्तुर मेला न्हाई. का न्हाई मेला?" तुषार म्हणाला, "माहीत नाही. माझं चिलखत तर मागच्याच फेरीत फुटलं होतं. उघडाच होतो मी." मग वहिनींचा आवाज, ओरडल्यासारखा: "आरं, वजन करतो त्यो! जेवढं वझं आपल्या अंगावर, तेवढाच त्याचा हात जड! टाका समदं!"

टाका म्हणणं सोपं होतं. त्या दारापाशी टाकलेली वस्तू परत मिळत नाही, विरून जाते. तीन महिन्यांची कमाई! तेवढ्यासाठी तर माणूस असले गेम खेळतो. पण एकेक करून पोरांनी टाकलं. संघमित्राने तर आधी शिरस्त्राण भिरकावलं आणि मग हसत हसत माझी ती ढालही. चौदा जण नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी दारात उभे राहिले. राखणदाराने हात उचलला आणि पहिल्याच तडाख्यात चार जण आडवे केले. पाठोपाठ सगळे.

नंतरची दोन मिनिटं मी कधी विसरणार नाही. कुणीतरी चिडून म्हणालं, "आता उघडे बी झालो आन् मेलो बी." दुसऱ्याने आपण निघतो म्हणून सांगितलं. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता आणि मॉनिटरच्या कडेचा तो कागद नखाने खरवडून काढत होत्या. या बाईचा अंदाज बरोबर होता. त्या चुकल्या नव्हत्या, चुकलो मी होतो. माझ्या पिशवीत एक ढाल होती. पहिल्या दारावर मिळालेली, लहानशी, वैद्याला काही कामाची नसलेली. मी ती कुणालाही न सांगता जपून ठेवली होती, पुढेमागे पुन्हा पुढे उभं राहायला मिळेल म्हणून. आत्ता 'टाका' म्हटल्यावर चौदातल्या तेरांनी टाकलं आणि मी टाकल्याचं नाटक केलं. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी खिडकीतूनच हाक मारली, "वहिनी, हेडफोन घाला." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माझ्या पिशवीत ढाल आहे.

"कवाची?" वहिनींनी विचारलं.

"पहिल्या दारापासनं."

मला वाटलं आता आपली धडगत नाही. आणि कुणी काही बोललं असतं तरी ते मला पटलंच असतं. पण वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीतून, आणि त्यांचा उतरलेला चेहरा असा काही उजळला की बस्स. "मंग झाडा की ती!" त्या म्हणाल्या. "म्हातारी खोटं बोलली न्हाई तर. समद्यांचं मिळून वजन करतो त्यो, उघड्या अंगाला एक ढाल बी भारी पडली. ऐका रं समदे, म्हातारी खरं बोलली व्हती!" हेडफोनमध्ये हसण्याचा एकच कल्ला झाला. निघालेला माणूस थांबला. मी ढाल टाकली. पाचला सात मिनिटं कमी असताना आम्ही पुन्हा दारात गेलो, चौदा जण, मोकळ्या हातांनी. राखणदाराने तडाखा मारला आणि तो संघमित्राला नुसता लागला, जेवता जेवता डास चावावा इतका. "अगं बया!" ती किंचाळली. "गुदगुल्या करतोय ह्यो!" मी मागे उभा राहून एकेकाला सावरत होतो आणि पहिल्यांदाच मला पुढच्या तेराच्या तेरा पाठी दिसत होत्या. एकही पडली नाही. राखणदार बाजूला सरला, दार उघडलं, आणि भिंतीवर अक्षरं उमटली: आवणी. खाली म्होरक्याचं नाव, सुनंदा.

वहिनी खुर्चीवरून उठल्या आणि थेट रस्त्यावर गेल्या. दोन्ही हात वर करून ओरडल्या, "जिकलो! जिकलो आमी!" समोरच्या हॉटेलातून माणसं बाहेर आली. कुणीतरी विचारलं, "कुठली निवडणूक होती आज?" वहिनी म्हणाल्या, "लई मोठी व्हती! आन् बिनविरोध न्हाई, लढून जिकलो!" त्या दिवशी गावात जो कुणी दुकानासमोरून गेला त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे पडले. दादाला काही कळलं नाही, पण तोही शेंगदाणे वाटत उभा राहिला. मी वहिनींच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भावजी, ढाल सापडायची खिशात."

त्यानंतर वर्षभर त्या आम्हाला लाभल्या. सोडून गेलेले आठ जण परत आले, आणखी चार नवे आले. कुणी दुसऱ्या गेममधून मोठी लेवल मिरवत आलं की वहिनी त्याला आधी त्या कागदाचा फोटो पाठवायच्या. इतर टोळ्यांतले अनोळखी लोक त्यांना विचारायला यायचे, आमचा गेम बंद झालाय, आम्ही कुठून सुरुवात करू? त्या प्रत्येकाला तासन् तास सांगत बसायच्या. त्यांना 'ओ झेरॉक्स' म्हणून हाक मारणाऱ्या किती जणांना हे माहीत होतं?

त्या गेल्यावर प्रश्न आला. नव्यात पुढच्या किल्ल्याला हात घालायचा तर म्होरक्याची परवानगी लागते. म्हणजे म्होरक्या बदलावा लागणार, आणि बदलला की भिंतीवरचं म्होरक्याचं नाव बदलतं. सगळ्यांनी मिळून मला सांगितलं, राजाभाऊ, तुम्ही घ्या. मी काही बोलायच्या आधीच संघमित्रा कडाडली, "मी वहिनींचं नाव पुसू देनार नाय. राजाभाऊंनी घेतलं तर त्यांना बी सोडनार नाय." मला हायसं वाटलं, खरं सांगतो. आम्ही ठरवलं की तो किल्ला तसाच राहू द्यायचा. नव्यात आता आमचं कुणी जात नाही. तिथं भिंतीवर आवणी आहे, खाली सुनंदा आहे, आणि दार उघडं आहे.

मागच्या रविवारी दुपारी तीनला आम्ही तिसऱ्या एका गेममध्ये उतरलो. टोळीतले उरलेले पंचविसही जण. वहिनींचं दुकान आता दादा सांभाळतो. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो होतो, खिडकीच्या त्यांच्या बाजूला. पुन्हा लेवल एक, पुन्हा काठ्या. कुणी कुणाच्या पुढे पळत नव्हतं. एका लहानशा गावात जो भेटेल त्याचं बोलणं सगळे सावकाश वाचत उभे होते. तुषारला तर एका कोंबडीने ठार केलं, आणि तो खो खो हसत होता. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्याशा टोळीतला एक मोठ्या लेवलचा घोडेस्वार आमच्यापाशी येऊन थांबला. एवढी माणसं एकत्र उभी पाहून त्याला नवल वाटलं असावं. त्याने लिहून विचारलं, तुम्ही सगळे नवीन आहात का? दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी केला असता तर मी त्याला माझी अख्खी कुंडली वाचून दाखवली असती. संघमित्राने लिहिलं, 'नवीन.' तुषारने लिहिलं, 'नवीन.' ओतूरच्या व्यापाऱ्यांनी, परत आलेल्या आठांनी, मागून आलेल्या चौघांनी... पडद्यावर एकाखाली एक तोच शब्द चढत गेला, आणि घोडेस्वार बिचारा वाचत राहिला. सगळ्यात शेवटी मी लिहिलं, 'नवीन', आणि ते लिहिताना माझी छाती अशी फुगली होती की जुन्यात राजा असतानाही कधी फुगली नव्हती.